निळ्या बैठकीच्या खुर्च्या

१४ मार्च १९८३, सोमवार

आजही नळाला पाणी नाही! हौदाच्या तळाशी गाळ तेवढा उरलाय. भिजवायला काही नाही, वेताच्या पट्ट्या कोरड्या ठक्क. कोरडा वेत विणायला घेतला की तटकन मोडतो आणि त्याचं टोक थेट बोटात घुसतं. गौरम्माचं बोट आज दोनदा फुटलं. ओरडली नाही. "अय्यो" म्हणून बोट तोंडात घातलं आणि दुसऱ्या हातानं खुर्चीची भोकं चाचपत राहिली. रडू मला आलं. मला राग आला की रडूच येतं, काय करावं!

लातूर जिल्हा झाला त्याला सात-आठ महिने झाले. नव्या कचेरीत म्हणे अजून अर्धे लोक ट्रंकेवर बसून फायली लिहितात. त्यांच्या खुर्च्यांची ऑर्डर आमच्या अपंग केंद्राला मिळाली आहे. सरकारचा आदेशच आहे – कचेऱ्यांनी आधी आमच्यासारख्यांकडून घ्यायचं, मग बाजारात जायचं. पण आदेशाला शेपूट आहे: माल नमुन्याप्रमाणे पाहिजे आणि वेळेवर पाहिजे. सुतार लाकडी सांगाडे आणून टाकतो, बसायची जाळी आमची माणसं विणतात. सगळी आंधळी. डोळ्यांचं काम माझं. आणि माझा डावा पाय पोलिओनं गेलेला, त्याला लोखंडी पट्ट्यांचा बूट. "समद्यांचं मिळून एक धड माणूस हुतंय की!" केरबाकाका म्हणतात आणि स्वतःच हसतात.

व्यवस्थापक साहेब दुपारी येऊन बजावून गेले. "ही पहिली ऑर्डर नीट गेली तर जिल्ह्यातल्या सगळ्या कचेऱ्या आपल्या. नाही गेली तर शेडला कुलूप." कुलूप म्हणजे काय ते प्रत्येकाला ठाऊक आहे. केरबाकाका पुन्हा मारुतीच्या पारावर, पुढ्यात फडकं पसरून. मन्मथ उदगीरला भावाच्या किराणा दुकानात, पोत्यांच्या मागे – गिऱ्हाईक आलं की त्याला आत सरकवतात म्हणे. आणि मी गावाला. आई माझ्यासाठी स्थळं बघतेच आहे.

१६ मार्च, बुधवार

जेवणाच्या सुट्टीत जयंतीचा झेंडा शिवत बसले होते. आमच्या वस्तीवरचा झेंडा दरवर्षी मीच शिवते. मन्मथ चाचपत आला आणि बरोबर माझ्याच समोर बसला. कसं कळतं कोण जाणे. विचारलं तर म्हणाला, "बाई, तुमचा बूट कुठं थांबला ते ध्यानात ठेवतो." दुसरं कोणी माझ्या बुटाबद्दल बोललं असतं तर कात्री फेकून मारली असती!

"काय शिवून राहिलात?"

"झेंडा. निळा."

"निळा म्हणजे कसा?"

तो जन्मापासूनचा आंधळा. आता त्याला निळा कसा सांगायचा? आभाळ म्हणावं तर त्यानं आभाळ कुठे बघितलंय! मी अडले. मग जे मनात आलं ते बोलून टाकलं – अहमदपूरच्या एस.टी.तून फाट्यावर उतरते, चालत निघते, आणि लांबून वस्तीवर तो दिसतो. दिसला की वाटतं, आलं घर. आता कोणी हटकणार नाही, कोणी पायाकडे बघणार नाही. तसा असतो निळा.

त्यानं कापडाचं टोक बराच वेळ बोटांत धरलं. "लई चांगला रंग हाय मंग," म्हणाला आणि उठून कामाला गेला. माझी टीप वाकडी गेली होती, ती नंतर उसवावी लागली.

१८ मार्च, शुक्रवार

गावाहून निरोप. आईला बरं नाही, लगेच ये. आईला काय झालंय ते मला चांगलं ठाऊक आहे – माणसं बघायला येणार असतील.

पाण्याचा प्रश्न तसाच. शेडच्या मागे खाजामियाँ रंगारी राहतात, त्यांच्या आडाला अजून ओल आहे. पण अख्खी गल्ली पिण्यासाठी तिथेच रांग लावते, वेतासाठी कुठल्या तोंडानं मागायचं? मन्मथ म्हणाला, "तुम्ही जावा निवांत. खाजामियाँशी मी बोलतो. आल्यावर बघाल तुम्ही." फारच ऐटीत म्हणाला. उद्या पहाटेची एस.टी.

२४ मार्च, गुरुवार. गावी

आई ठणठणीत! स्थळ नांदेडकडचं, हदगावचं. बायको वारलेली, दोन लहान मुलं. माणूस वाईट दिसला नाही. "पायाचं आमचं काही म्हणणं नाही," हे वाक्य मात्र त्याच्या बहिणीनं चहा संपेपर्यंत तीनदा म्हटलं.

ती माणसं गेल्यावर आबा ओट्यावर येऊन बसले. दिवसभर नाल्याच्या बांधावर दगड उचलून हात सोललेत त्यांचे. दुष्काळी कामावर दुसरं काय असतं! म्हणाले, "तुझी नोकरी पक्की झाली तर मी तुझ्या मायला गप करतो. न्हाई झाली तर मलाच गप बसावं लागंल, माय." आबांनी माझ्याशी कधी लपवाछपवी केली नाही. म्हणूनच त्यांचा राग येत नाही.

वस्तीकडे टँकर फिरकत नाही. गावात येतो आणि तिकडूनच परत जातो. आबा म्हणतात, नवी कचेरी जवळ आलीय, एकदा जाऊन सांगून येतो. आधीच्या जिल्ह्याला, उस्मानाबादला, दोनदा जाऊन आले होते. दोन्ही वेळा व्हरांड्यात चपलांजवळ उकिडवे बसून राहिले आणि संध्याकाळी शिपायानं हाकललं.

२८ मार्च, सोमवार

काय लिहू!

सकाळी शेडचं दार ढकललं. आत सगळे गाणी म्हणत विणत होते. भिंतीला लावून नव्या खुर्च्यांची रांग. जाळी अशी की नाणं टाकलं तर टण्णकन उडावं. आणि सगळ्यांच्या बैठकी – निळ्या!

गडद नाही. धुऊन धुऊन विटलेल्या शर्टाचा असतो तसा निळा. पण निळाच. वेत कसा पिवळसर गव्हाळ असतो, नमुना तसा आहे, कचेरीनं मागितला तसा. मी दारातच उभी.

खाजामियाँनी पिण्याचं पाणी दिलं नाही, बरोबरच आहे. त्यांनी रंगवलेलं कापड ज्यात धुतात ते दुसरं धुवण दिलं. केरबाकाका खुशीत सांगत होते, "पिण्याच्या पाण्याला बोट न्हाई लावलं, पोरी! आन् वेत तर लोण्यावाणी मऊ झाला." त्यांना वाटलं दुसरं धुवण निवळ असणार. सुतार मापाला आला नाही, साहेब फिरकले नाहीत, मी गावाला. डोळे असलेलं कोणी इथं नव्हतंच!

मन्मथ हातातली खुर्ची ठेवून माझ्याकडे आला. तोंड नुसतं फुललेलं. "कशा झाल्यात, बाई? नीट बघा ना."

"छान. जाळी अगदी घट्ट आहे."

"आन् आणखी काय दिसून राहिलंय?"

"आणखी काही नाही."

त्याचं तोंड उतरलं. माझ्या आवाजातलं खोटं त्याला कळलं असणार. तो परत जाऊन बसला आणि मी हजेरी मांडायच्या निमित्तानं कोपऱ्यात तोंड लपवलं.

२९ मार्च, मंगळवार

सांगितलं नाही.

३० मार्च, बुधवार

सांगितलं.

रात्रभर तोच विचार होता. मी लहान असताना सगळे म्हणायचे – बरा होईल गं पाय, पुढच्या वर्षी धावशील. डॉक्टर, मास्तर, आत्या, सगळे. मी धावायच्या गोष्टी मनात रचत बसायची. एकट्या आबांनी एकदा मांडीवर घेऊन सांगितलं, "बरा न्हाई व्हायचा, माय. पण तू व्हशील." त्या दिवशी खूप रडले आणि दुसऱ्या दिवसापासून नीट चालायला शिकले. मग मीच या लोकांना "छान छान" म्हणून गोंजारत बसायचं? शोभतं का मला?

सगळ्यांना काम थांबवायला लावलं आणि सांगून टाकलं. आवाज चढला माझा, उगाच.

आधी केरबाकाका, "निळ्या? समद्याच्या समद्या?" काकांना देवी आल्या तेव्हा ते दहा वर्षांचे होते, रंग आठवतात त्यांना. "माझ्या मायचं एक लुगडं हुतं तसलं," म्हणाले आणि हात बैठकीवरून फिरवत राहिले. गौरम्मा फणकारली, "मंग काय झालं? बसणाऱ्याला टोचतंय का?" मी नमुन्याचं समजावून सांगितलं. परत विणायच्या तर वेत नाही, पाणी नाही, आणि मुदत पुढच्या आठवड्यात संपते.

मन्मथनं एकच विचारलं. "रंगानं कुठं वस्तू खराब हुती का, बाई?"

म्हटलं, "वस्तू नाही होत. कचेरीच्या नजरेला होते."

तो जेवला नाही. डबा तसाच बांधून ठेवला.

३१ मार्च, गुरुवार

सकाळी येते तर मन्मथ दारात, शेजारी गाठोडं. "उदगीरला जातो. चूक माझी हाय. पाणी मीच आणलं. कचेरीचे नाझर साहेब माल बघाया येतील त्यांना सांगा, ज्यानं केलं त्याला हाकलून दिलं. मंग ते बाकीच्यांवर डूख धरणार न्हाईत."

गौरम्मा त्याला तेलुगूत खूप काही बोलली. कळलं कोणालाच नाही, पण शिव्या होत्या हे सगळ्यांना कळलं. केरबाकाका म्हणाले, "जायचं तर नाझर येऊन गेल्यावर जा. पळून जाणाऱ्याच्या पोटात काय हुतं ते मानसं इचारत बसतात."

मला खूप काही म्हणायचं होतं. तोंडातून काय निघालं, तर – "तुम्ही गेलात तर जाळीच्या कडेचा पदर एवढा घट्ट कोण ओढणार?" कडेचा पदर! अगं भामे, याहून काही सुचलं नाही तुला?

पण त्यानं मान वाकडी करून ऐकलं. गाठोडं उचललं, आत नेलं, आणि आपल्या जागेवर जाऊन बसला.

४ एप्रिल, सोमवार

नाझर साहेब येऊन गेले. कचेरीच्या सामानसुमानाचा सगळा कारभार त्यांच्याकडे. उस्मानाबादहून बदलून आलेले, जाडजूड, घामानं निथळत होते. आमचं ठरलं होतं की त्यांना दिसायच्या आधी आपण सांगायचं. केरबाकाकांनी हात जोडून सांगितलं, पाणी नव्हतं, रंगाऱ्याचं धुवण घेतलं, रंग लागला.

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. एका खुर्चीवर दणकन बसले. मागे झोका घेतला. जाळी हूं का चूं करेना.

"मजबूत आहे," म्हणाले. "पण ही निळी – नमुन्याशी ताडून बघावी लागेल."

"बघा की साहेब. नमुना कुठं हाय?" केरबाकाका.

साहेब जरा घुटमळले. "नमुना उस्मानाबादला राहिला. जिल्हा वाटला तेव्हा इकडे यायचा होता. आलाच नाही."

मी कसंबसं हसू दाबलं. गौरम्मानं दाबलं नाही, ती मोठ्यानं हसली. साहेबही जरासे हसले, पण लगेच गंभीर झाले. एक खुर्ची शिपायाच्या डोक्यावर देऊन वर दाखवायला घेऊन गेले. मन्मथ सगळा वेळ खाली मान घालून बसला होता. खुर्ची दाराबाहेर गेली तेव्हा फक्त त्यानं मान वर केली.

७ एप्रिल, गुरुवार

काही निरोप नाही. आज सगळे नुसते बसून. रिकामी बोटं काय करणार – गौरम्मानं माझी वेणी घालून दिली. सहा पदरी!

९ एप्रिल, शनिवार

निरोप आला. खुर्च्या घेतल्या – पण साहेब लोकांच्या खोल्यांत निळ्या शोभायच्या नाहीत. तिथे बाजारातून लोखंडी येणार. आमच्या बाहेर व्हरांड्यात, येणाऱ्या-जाणाऱ्यांना बसायला. पुढच्या ऑर्डरचं? "नंतर बघू."

संताप संताप झाला. एवढं जीव ओतून विणलं ते व्हरांड्यात धूळ खायला! केरबाकाकांना मात्र वाईट वाटलेलं दिसलं नाही. "साहेब लोकं आज हितं, उद्या बदली. व्हरांड्यात रोज नवी मानसं बसतील, पोरी."

"आणि शेडला कुलूप लागलं म्हणजे?"

नंतर बघू म्हणजे काय, हे त्यांनाही कळतं. आईचाही निरोप आहे, हदगावची माणसं महिनाअखेर उत्तर मागतायत.

१४ एप्रिल, गुरुवार

जयंती. गावी गेले नाही, झेंडा तेवढा पाठवला. इथल्या मिरवणुकीत सगळीकडे निळंच निळं. जन्मात पहिल्यांदा तो रंग बघून मी मान फिरवली!

२० एप्रिल, बुधवार

आज आबा आले. दुपारी अचानक शेडच्या दारात. धुतलेलं धोतर, डोक्याला पटका, चेहऱ्यावर असं काही की मी घाबरलेच. उन्हाचं काही झालं का? पाणी दिलं. तांब्या हातातच धरून राहिले, प्यायले नाहीत.

"कचेरीत जाऊन आलो, माय. टँकरचं सांगायला."

"मग? देणार म्हणाले?"

"बघतो म्हनले. ते जाऊ दे. अगं, व्हरांड्यात गेलो तर रांगेनं खुर्च्या. निळ्या! मी आपला नेहमीपरमानं भिंतीकडं सरकलो. मग म्हणलं, निळी हाय, म्हंजी ही आपली. आन् बसलो." थांबले. "शिपाई आला. माझ्याकडं बघितलं. आन् गेला. कुणी ऊठ म्हणलं न्हाई, भामे. साहेबानं हाक मारली तवा खुर्चीवरनं उठून आत गेलो. भुईवरनं न्हाई."

शेडमध्ये एकाही बोटाची हालचाल नव्हती. सगळ्यांचे कान इकडे.

"आपल्यासाठी मुद्दाम निळ्या केल्यात का गं? सरकारनं?"

खरं सांगायला मी तोंड उघडलं. आबांशी मी खोटं बोलत नाही, ते माझ्याशी बोलत नाहीत. धुवणाचं पाणी आबा, चूक झाली, हे अगदी ओठावर आलं होतं. तेवढ्यात मन्मथ मागून म्हणाला, "हाव, आबा. ठरवूनच निळ्या केल्यात."

खोटारडा! पण त्याच्या आवाजात काही वाकडं नव्हतं. आबा त्याच्याजवळ गेले, सोललेल्या हातांत त्याची चिरलेली बोटं धरली. "तू इणली का रं?" "समद्यांनी मिळून," तो म्हणाला. मग आबा ते पाणी एका दमात प्यायले.

मी त्यांना एस.टी. स्टँडपर्यंत पोचवायला गेले. स्थळाचं त्यांनीच काढलं. मी म्हटलं, ऑर्डर अजून आली नाही, आबा. "बरं," एवढंच म्हणाले. एस.टी. हलेपर्यंत खिडकीतून बघत होते.

२५ एप्रिल, सोमवार

ऑर्डर आली!!!

पंचायत समित्या, दवाखाने, तहसिली – नव्या जिल्ह्यात जिथे जिथे लोक बसतात तिथे सगळीकडे. व्यवस्थापक साहेब कागद नाचवत आले. मी मोठ्यानं वाचून दाखवला. शेवटी लिहिलंय: माल जिल्हा कचेरीस पूर्वी पुरवलेल्या नमुन्याप्रमाणे. बैठकीचा रंग निळा.

केरबाकाका इतके हसले की ठसका लागला. गौरम्मानं खाजामियाँना भिंतीवरून हाक मारली, "भाईजान, धुवण फेकू नका हो!" आता पिवळी खुर्ची गेली तर साहेब परत पाठवतील. आहे की नाही मजा!

मन्मथ हसत होता, पण गाठोडं त्यानं अजून सोडलेलं नाही, खुंटीवर तसंच टांगलंय.

आबांना कार्ड टाकलं. नोकरी राहिली. स्थळाला नाही म्हणा.

२६ एप्रिल, मंगळवार

संध्याकाळी सगळे गेल्यावर मन्मथ मागे थांबला. म्हणाला, "खाजामियाँनी मला सांगितलं हुतं. बेटा, धुवणात नीळ उतरलीय, वेताला लागंल. मी इचारलं, निळी म्हंजी झेंड्याची का? ते हाव म्हनले. मंग मी भिजवला." जरा थांबून, "तुम्ही गावाहून येनार हुत्या. म्हणलं, दारातच तुम्हाला घर आल्यावाणी वाटंल. रंगानं काही बिघडतं हे मला ठावंच नव्हतं."

नीट बघा ना, म्हणाला होता त्या दिवशी. आणखी काय दिसून राहिलंय, म्हणाला होता. आणि मी – काही नाही, म्हटलं!

मी त्याचं गाठोडं खुंटीवरून काढलं आणि सोडलं. मग त्याच्याकडे चालत गेले. बूट वाजला तसा तो वळला. "भामा?" म्हणाला. बाई नाही म्हणाला.

"आलं घर," मी म्हटलं.